भोकरटेपावर आग लागलीच नाही

वणव्याचा हंगाम दरवर्षी पंधरा फेब्रुवारीला सुरू होतो आणि पंधरा जूनला संपतो. तसं परिपत्रक आहे. गवताला ते वाचता येत नाही, ही गवताची अडचण.

भोकरटेप ही कल्याणच्या पलीकडची बुटकी टेकडी. पायथ्याशी लाकूड आगार, म्हणजे तोडलेल्या सागाचे ओंडके रचून ठेवायची जागा. टेकडी आणि आगार यांच्यामध्ये कमरेएवढं गवत. सुशांत या आगाराचा वनरक्षक. राहायला कोपरला, नोकरीचं तिसरं वर्ष, कागदावर अजून विश्वास. त्याच्या हाताखाली शेवंती, बावीस वर्षं काम केलेली वनमजूर. आठ वणवे विझवलेले. त्यातल्या दोन वणव्यांच्या खुणा डाव्या हातावर.

"साहेब, जाळरेषा घेऊन टाकू," शेवंती नोव्हेंबरातच म्हणाली. जाळरेषा म्हणजे गवताचा एक पट्टा आपणच आधी, नजरेखाली जाळून ठेवायचा. वणवा तिथवर येतो, त्याला पुढे खायला काही मिळत नाही, तो मरतो.

सुशांतने ठाण्याच्या कार्यालयाला प्रस्ताव पाठवला. तो शेरा घेऊन परत आला: 'वनखाते आग विझवते, लावत नाही. शब्दयोजना सुधारावी.' सुशांतने 'गवताचे नियंत्रित उष्णतेद्वारे निर्मूलन' असं लिहिलं. मग नकाशा जोडावा लागला. मग नकाशावर उत्तर दिशा दाखवावी लागली. सतरा फेब्रुवारीला मंजुरी आली. सोबत एक अट होती: 'अग्निहंगाम सुरू झाला असल्याने आग लावण्यास सक्त मनाई आहे.'

"मग विळ्याने कापू," शेवंती म्हणाली.

गवत ही वनसंपत्ती असल्यामुळे ते कापायची परवानगी दुसऱ्या टेबलावर मिळत होती. त्या टेबलाचे कारकून प्रशिक्षणाला गेले होते. विषय होता, वेळेचे व्यवस्थापन.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठाण्याहून देवस्थळी साहेब अग्निसुरक्षेच्या पाहणीला आले. त्यांनी पहिल्यांदा भिंतीवरच्या लाल बादल्या पाहिल्या.

"यात काय आहे?"

"वाळू साहेब. आगीवर टाकायला."

"कुठून आणली?"

"खालच्या ओढ्यातून."

साहेब गंभीर झाले. "वाळू हे गौण खनिज आहे. म्हणजे वनखात्याच्या भिंतीवर विनापरवाना उत्खनन टांगलंय तुम्ही! उतरवा."

बादल्या रिकाम्या झाल्या. त्यानंतर आगीच्या वाटेतली वाळकी पानं उडवायची दोन यंत्रं चोरीला जाऊ नयेत म्हणून कपाटात गेली आणि किल्ली हरवू नये म्हणून साहेबांबरोबर ठाण्याला. जाताना साहेबांनी जनजागृतीसाठी चाळीस फ्लेक्स लावायला सांगितले. टेकडीवरच्या वाळलेल्या झाडांना चाळीस प्लास्टिकचे फ्लेक्स बांधले गेले. शेवंतीने एकाचा कोपरा बोटांत चुरगाळून पाहिला आणि विचारलं, "साहेब, हे वणव्याला जेवायला बोलवायचंय का?"

शेवटी पुढच्या रविवारी आगारात आग विझवण्याची रंगीत तालीम ठरली. पाहुणे येणार होते, मंडप होता. अडचण एकच होती. हंगामात आग लावायला मनाई असल्यामुळे विझवायला आग नव्हती. देवस्थळी साहेबांनी तोडगा काढला. टेबलपंख्यासमोर लाल साडी बांधली. पंखा लावला की साडी फडफडे आणि लांबून ज्वाळांसारखी दिसे.

कार्यक्रमपत्रिकेवर दीपप्रज्वलन पहिलं होतं, प्रास्ताविक तिसरं, आग विझवणं सहावं. प्रास्ताविक चालू असताना सुशांतला टेकडीवर धूर दिसला. तो वाकून साहेबांच्या कानाशी गेला.

"साहेब, वर आग लागलीय."

साहेबांनी पत्रिका पाहिली. "आत्ता? आत्ता तिसराच विषय चाललाय."

"खरी आहे साहेब! वारा आपल्याकडेच आहे."

"मग पाहुण्यांची दोन भाषणं लवकर उरकतो," साहेब म्हणाले आणि खरंच एक चिठ्ठी व्यासपीठावर पाठवली.

फ्लेक्स एकेक करून पेटत होते. ज्वाळा उतारावरून खाली सरकत होत्या. सुशांतने हाताशी काय आहे ते मोजलं. कपाटाची किल्ली साहेबांच्या ठाण्याच्या घरी, बादल्या रिकाम्या, मागे सागाचे ओंडके आणि समोर खुर्च्यांवर दीडशे माणसं.

शेवंती कुणालाच काही विचारायला थांबली नाही. तिने बरोबरच्या चार बायकांना करंजाच्या हिरव्या फांद्या तोडायला पाठवलं, पदर कमरेला खोचला, व्यासपीठावर गेली आणि समईवर वाळका काटका पेटवून घेतला.

"अहो बाई, ती समई!" सूत्रसंचालक म्हणाला.

"परत आणून देते," शेवंती म्हणाली.

आगाराच्या कडेने तिने गवत पेटवायला सुरुवात केली. आगाराकडे वळणाऱ्या ज्वाळा बायका फांद्यांनी झोडपत होत्या. सुशांतही धावला. पहिल्या फटक्यालाच त्याच्या भुवया गेल्या. तिने लावलेली आग चढावर चालत गेली, वरून येणाऱ्या आगीला भिडली, आणि दोघींनाही खायला काही उरलं नाही. अर्ध्या तासात धूर उरला. आगार वाचलं, मंडप वाचला. शेवंतीच्या हातावर तिसरी खूण झाली.

सोमवारी चौकशी बसली.

"टेकडीवरची आग कोणी लावली?" साहेबांनी विचारलं.

"माहीत नाही साहेब. तिथे निखारे आणि लिंबाच्या फोडी सापडल्या. कुणीतरी सहलीला आलं असणार."

"अज्ञात इसम," साहेबांनी लिहिलं. "आणि खालचा पट्टा?"

सुशांत टेबलावरचे कागद सारखे करू लागला. साहेबांनी स्वतःच उत्तर दिलं.

"शेवंतीने. दीडशे साक्षीदार आहेत. अग्निहंगामात वनक्षेत्रात आग लावणे." साहेबांचा चेहरा जरा सैलावला. "चला, एक तरी नाव सापडलं. गुन्हा नोंदवायचा. कामावरून कमीही करावं लागेल. इथे सही करा."

"तिने आगार वाचवलं साहेब!"

"ते मी मनातून मान्य करतो. पण नमुन्यात वाचवण्याचा रकाना नाही."

सुशांतने पेन उचललं नाही. खिडकीतून शेवंती दिसत होती, हाताला फडकं गुंडाळून रोपांना पाणी घालत होती. तीन वर्षांत तो ठाण्याच्या कागदांकडून एक गोष्ट मात्र शिकला होता. तो म्हणाला, "साहेब, पत्रिकेवर सहावा विषय काय होता?"

"आग विझवण्याची रंगीत तालीम."

"मग ती झालीच की. पाहुण्यांसमक्ष झाली. यशस्वी झाली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे वणवा..."

"लागलाच नाही."

महिन्याभरात ठाण्याला समारंभ झाला आणि भोकरटेपाला 'शून्य वणवा' असं कोरलेली ढाल मिळाली. शेवंतीला बोलावणं नव्हतं. जी आग लागलीच नाही, ती विझवल्याबद्दल सत्कार कसा करणार? ढाल घेऊन परतताना सुशांतला मान वर करवेना.

"शेवंतीताई, मला दुसरा मार्ग दिसला नाही."

"नोकरी राहिली ना माझी? मग झालं." ती टेकडीकडे पाहत होती. "पण वर टिटवीची अंडी होती साहेब. करवंदाची जाळी होती. ती गेली, ते कुठं लिवलं?"

"कुठेच नाही."

"हां," ती म्हणाली, आणि रोपांना पाणी घालायला गेली.

पुढच्याच रविवारी सकाळी डोंबिवलीचं एक कुटुंब गाडीतून उतरलं. टोप्या, दुर्बीण, पक्ष्यांचं पुस्तक, एक लोखंडी जाळी आणि कोळशाची पिशवी. गृहस्थांनी वर पाहिलं आणि ते हळहळले.

"अरे, हे काय! सगळं काळं? आम्ही दरवर्षी येतो इथे. तुम्ही लोक करता तरी काय? तक्रार करायचीय मला."

शेवंतीने पिशवीकडे बोट दाखवलं. "हे काय?"

"पनीर भाजायला. आम्ही फार काळजी घेतो हां. निघताना पाणी ओततो."

"पाणी कुठाय?"

त्यांनी अर्धी बाटली दाखवली. "हे प्यायचं आहे."

शेवंती कोळशाच्या पिशवीवर बसली. कुठल्या नियमाने, असं त्यांनी विचारलं. सुशांतला नियम सापडेना, आणि शेवंती उठेना. तेव्हा त्याने तक्रारवही पुढे केली.

"इथे लिहा. खाली नाव, पत्ता."

गृहस्थांनी तळमळीने पानभर लिहिलं. मग पेन थबकलं. "नाव कशाला हवंय?" त्यांनी खाली लिहिलं, 'एक सुजाण निसर्गप्रेमी'.

हे नाव वहीत तेविसाव्यांदा आलं होतं. अक्षर दर वेळी वेगळं होतं. वही आगारातल्या टेबलावरच असते. आपलं अक्षर कुणाला ओळखून पाहायचं असेल, तर रविवार सोडून कधीही यावं. रविवारी फार गर्दी असते.