स्थिर आकड्याचं झाड

मोजल्याशिवाय कोणतीही गोष्ट खरी मानू नये, हे सुधारलेल्या समाजाचं लक्षण आहे. झाडाच्या मुळातलं पाणी शेंड्यापर्यंत पोचतं, हे पूर्वी लोक नुसत्या हिरव्या पानांवर विश्वास ठेवून मान्य करत. हा भोळेपणा थांबावा म्हणून वृक्षजलमापन कक्ष स्थापन झाला (एक खोली, एक पंखा, खिडकीबाहेर एक झाड).

कक्षप्रमुखांना सगळे थेंबसाहेब म्हणत. त्यांनी झाडाच्या खोडात वर-खाली दोन सुया खुपसल्या होत्या. खालची तापवायची आणि ऊब वरच्या सुईपर्यंत किती वेगानं जाते ते पाहायचं, की आतल्या पाण्याचा वेग कळतो. पाण्यातले क्षार मोजायला खोडाला भोक पाडून रस काढायचा. अडचण एकच होती. आकडा दुपारी चढे, रात्री उतरे आणि ढग आला की डळमळे. तपासणी समितीनं बजावलं, "आकडा स्थिर करा, नाहीतर कक्ष बंद. खोली सायकलस्टँडला हवीय."

थेंबसाहेबांचा झाडावर जीव होता. खोलीवरही होता. ते कंबर कसून कामाला लागले. उन्हानं आकडा हलतो, म्हणून झाडावर पत्रे घातले. वाऱ्यानं हलतो, म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री बांधली. माळ्यानं पाणी घातलं की तो उसळी मारे, म्हणून माळ्याची बदली झाली (बढतीवर). भोकं मात्र शिस्तीत पडत राहिली.

आकडा हळूहळू ताळ्यावर आला. शेवटी शून्यावर टेकला आणि तिथून तसूभरही हलेना. थेंबसाहेबांनी सगळ्या ऑफिसला चहा पाजला.

डबा घेऊन आलेल्या बायकोनं ताडपत्री उचलून आत डोकावलं. "अहो, झाड वाळलंय तुमचं!"

थेंबसाहेबांनी वाकून पाहिलं. फांदीवर एक पान नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात समितीची गाडी फाटकातून आत शिरली.

"हळू बोल," ते म्हणाले, "आणि ती ताडपत्री आधी खाली सोड."

समितीनं आकडा पाहिला. झाड पाहिलं नाही (ते कार्यकक्षेत नव्हतं). शेरा मिळाला, 'उत्कृष्ट. आवारातल्या उरलेल्या झाडांवरही हीच पद्धत राबवावी.'

यावर हसण्याचा वाचकांना पूर्ण अधिकार आहे. मात्र आपली झोप नीट झाली की नाही, हे आज सकाळी ज्यांनी मनगटावरच्या घड्याळाला विचारलं, त्यांनी जरा बेतानं हसावं. हसल्यानं ठोके वाढतात, आणि आकडा बिघडतो.