पट्ट्याने चार्ज घेतला

पोटाचा पट्टा एकदा घेतलेला चार्ज परत देत नसेल, तर बाईनं कुणाकडे जायचं, सांगा बरं? हर्षला वाघमोडेपुढे सातवा महिना सरता सरता हाच प्रश्न उभा राहिला.

पट्टा तिनं दवाखान्यातून रीतसर आणला होता. कंबर अशी धरायची की कणीक मळताना भिंतीला टेकावं लागे. पट्टे पोटाचा चार्ज घेतात, म्हणजे भार आणि दुखणं आपल्या ताब्यात घेतात, हे सगळ्यांनाच माहीत असतं. लोखंडे सिस्टरांनी फॉर्म पुढे केला, हर्षलानं भरला, आणि पट्ट्यानं कंबरेभोवती बसून चर्रकन चार्ज घेतला.

पहिले पंधरा दिवस सुखाचे गेले. ती उकिडवं बसून भांडीसुद्धा घासू लागली. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी जुनेर बांधायचो पोटाखालून. पण ते आपलं मुकं असायचं."

मग एका दुपारी हर्षलाच्या लक्षात आलं की बाळ हललेलं तिला कळतच नाही.

"हललं ना," पट्टा म्हणाला. "सकाळपासून अकरा वेळा. त्यात उजवीकडे सात."

"मग मला कसं नाही कळलं?"

"चार्ज माझ्याकडे आहे, ताई. तुम्हाला कळवायचं कारण नाही. विचारलंत म्हणून सांगितलं."

आवाज नम्र होता. तिनं पट्टा ओढला, तो सुटेना. सासूबाई सांडशी घेऊन धावल्या. "सोड मेल्या! लेकरू आमचं आहे!"

"कागद बघा, आजी," पट्टा म्हणाला.

दोघी तशाच दवाखान्यात गेल्या. सिस्टरांनी फॉर्म काढला, वाचला, चष्मा पुसून परत वाचला.

"अगं, 'भाराचे वर्णन' म्हणून काय लिहिलंस हे? सगळ्या बायका 'वजन' लिहितात. नाहीतर 'ओझं'."

"मी 'बाळ' लिहिलं."

"का पण?"

"लेकराला ओझं कसं म्हणायचं, सिस्टर? जीभ रेटेना."

सिस्टरांनी फॉर्म टेबलावर ठेवला. सासूबाईंनीच विचारलं, "मग बाळंतपण कुणाच्या नावावर लागायचं?"

"ज्याच्याकडे चार्ज, त्याच्या."

बाकावर बसलेल्या बायकांनी आपापल्या पोटावर हात ठेवले.

"चार्ज परत घेता येतो," सिस्टर हलक्या आवाजात म्हणाल्या. "पण यानं इतके दिवस धरलेलं सगळं दुखणं एकदम घ्यावं लागतं. आणि घेतल्यावर बाळ तुला कळेलच, असं लिहून नाही देता येत. काहींना कळत नाही."

"वीस दिवसांचं आहे," पट्टा म्हणाला. "पाठीतलं, जांघेतलं, माकडहाडातलं. झेपायचं नाही, ताई. मी काही वाईट वागलो का?"

वाईट तो वागला नव्हता. हर्षलानं सही केली.

पट्टा सुटला आणि ती गुडघ्यावर आली. तिच्या किंकाळीनं औषधाच्या रांगेतली माणसं मागे सरली. पट्ट्यानं स्वतःची घडी घातली, "चार्ज दिला" म्हणाला आणि कपाटात जाऊन बसला.

घरी ती डाव्या कुशीवर पडून राहिली. दोन्ही तळवे पोटावर. सासूबाईंनी गुळाचं पाणी पाजलं.

"हललं?"

"नाही."

दिवेलागणीला त्यांनी परत विचारलं. "हललं गं?"

"नाही, आई."

सासूबाई उंबऱ्यात जाऊन चपला चढवू लागल्या. मग दबकत म्हणाल्या, "त्याला विचारून येऊ का?"

हर्षलानं नाही म्हणून जोरानं मान हलवली. उत्तर पट्ट्याला माहीत असेल, याचीच तिला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला उजव्या बरगडीखाली लाथ बसली, आणि ती हर्षलाला लागली.