टेबल हलता कामा नये

शुक्रवारी सकाळी ऑर्विल टॉर्गेसनने गॅरेजमधल्या नव्या टेबलावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला, यंत्राचा दांडा खाली ओढला आणि पेल्याकडे पाहिलं. पाणी थरथरलं.

"हललं! मेलं पुन्हा हललं!" तो ओरडला.

यंत्र काडतुसं भरायचं होतं. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या त्यात दाबून मापात आणायच्या आणि पुन्हा भरायच्या. पण दाबायला बैलाचं बळ लागतं, आणि खालचं टेबल डुगडुगलं तर एक काडतूस दुसऱ्यासारखं होत नाही, असं ऑर्विलचं ठाम मत होतं. विस्कॉन्सिनमधला हरणांचा हंगाम दुसऱ्याच दिवशी उघडणार होता आणि एकही काडतूस तयार नव्हतं.

ऑर्विल आणि त्याचे दोस्त दरवर्षी ज्या शिकारीच्या झोपडीत उतरत, तिथं एक जुना नियम होता. हरणावरचा नेम चुकला की त्या माणसाच्या शर्टाचं मागचं शेपूट कात्रीने कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि ते भिंतीवर खिळ्याने ठोकायचं. लागोपाठ तीन वर्षं तिथं ऑर्विलचंच शेपूट लागलं होतं. तिन्ही वेळा त्याने दुकानच्या काडतुसांना शिव्या घातल्या होत्या. यंदा स्वतः भरलेली काडतुसं आणीन, मग बघा, असं तो सगळ्यांसमोर बोलून बसला होता.

त्याच्या बायकोने, व्हर्नाने, नवा लाल चौकड्यांचा शर्ट हातात देताना एवढंच सांगितलं होतं, "तीन शर्ट गेले. हा अख्खा परत आला नाही, तर पुढच्या वर्षी उघडा जा."

सोमवारी त्याने यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाला जोडलं. पहिल्याच दणक्याला टेबलाचे दोन पाय उचलले गेले आणि व्हर्नाची कॉफी व्हर्नाच्या मांडीवर गेली. मंगळवारी त्याची रवानगी गॅरेजमध्ये झाली. तिथं त्याने घराचे खांब वाटावेत असे पाय घालून नवं टेबल ठोकलं. ते हललं. बुधवारी पाय जमिनीला बोल्टने आवळले. तरी हललं. गुरुवारी मागची कड भिंतीला आवळली. आणि आज, एवढं करून, हा पेला!

"तुझ्या आजोबांनी अख्खी गोठ्याची इमारत चार दिवसांत उभी केली होती," व्हर्ना दारातून म्हणाली. "लायल बाराला येतोय तुला शिकारीला न्यायला."

"आजोबांना पेला ठेवून बघायची अक्कल नव्हती," ऑर्विल खेकसला.

शेवटचा उपाय म्हणून त्याने इमारतीचं लाकूड चिकटवायचा गोंद आणला. सगळे बोल्ट सैल केले, पायांखाली आणि भिंतीच्या कडेला गोंद ओतला आणि बोल्ट पुन्हा जीव खाऊन आवळले. नळीवर लिहिलं होतं : एक तास वजन ठेवा. घरात सगळ्यात जड वस्तू तोच होता. तेव्हा शिकारीचा तो नवा शर्ट अंगात घालून तो टेबलावर चढला, भिंतीला टेकला आणि तासभर हूं की चूं न करता बसून राहिला.

बाराला व्हर्नाचा भाऊ लायल आला, तेव्हा ऑर्विल अजून वरच होता.

"अरे, मखरात काय बसलायस? उतर खाली!"

"उतरता आलं असतं तर उतरलो नसतो का?" ऑर्विल दात खाऊन म्हणाला. भिंतीच्या फटीतून वर आलेल्या गोंदाने शर्टाचं शेपूट धरलं होतं.

लायलने शर्ट ओढला. मग टेबल ओढलं. मग बोल्ट काढून पहार घातली. पहार वाकली.

"टेबल मात्र मजबूत केलंस हां," तो घाम पुसत म्हणाला. "मानलं तुला."

व्हर्ना कात्री घेऊनच आली. तिने शेपूट कापलं आणि आत गेली. ऑर्विलला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पेला ठेवून त्याने दांडा ओढला, तर पाण्यावर साधी सुरकुती नाही! त्याने वीस काडतुसं भरली, एकासारखी एक. मागच्या भिंतीला लाल चौकड्यांचं फडकं लोंबत राहिलं.

रविवारी संध्याकाळी व्हर्नाने दार उघडलं.

"हरीण?"

"दिसलं," ऑर्विल म्हणाला. "चाळीस पावलांवर. उभं होतं."

"मग?"

त्याने कोट काढला. शर्टाला डावी बाही नव्हती.

"कापायला शेपूटच नव्हतं," मागून लायल म्हणाला. "म्हणून मतं घेतली. बाही जिंकली."

व्हर्नाने कमरेवर हात ठेवले. "काडतुसं तुझी, टेबल तुझं. आता दोष कुणाला देणार आहेस, ऑर्विल?"

"काडतुसांत काडीची खोट नव्हती," ऑर्विल ठासून म्हणाला. "पण शर्ट मागून कापलेला. ऐन वेळी कमरेला गार वारा लागला आणि हात हलला. कात्री कुणी चालवली होती, ते तुझं तूच बघ."