आप्पांची पडायची पाळी

आमच्या पुंडलिकनगरात भगवानआप्पांबरोबर बाहेर पडलं की आपण मंत्री झाल्यासारखं वाटतं. ते कधी शेजारून चालत नाहीत. अर्धं पाऊल पुढं, उजवं कोपर बाहेर, मान सारखी डावीकडून उजवीकडं. मेथीची जुडी आणायला निघालो तरी हा बंदोबस्त. एका लग्नात मला गुलाबजाम हवा होता, एवढंच मी बोलून गेलो. आप्पांनी त्या कोपरानं वाट काढत मला थेट पातेल्यापाशी नेऊन उभं केलं. मागं नवऱ्या मुलाचे मामा खुर्चीत बसून बरगडी चोळत होते. "तुम्ही खेळा सर, मी हाय," आप्पा म्हणाले. मी वाटी पुढं केली. लाज वाटली, पण गुलाबजाम गरम होता.

हा त्यांचा जुना पेशा. निजामावरच्या पोलीस अॅक्शनच्या साली, म्हणजे अठ्ठेचाळीसात, शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या या सहा फुटी पोराला एका सरकारी खात्यानं हॉकीसाठी नोकरीला ठेवलं आणि हॉकी तेवढी खेळू दिली नाही. संघात एक किडकिडीत, फार गुणी फॉरवर्ड होता. त्याच्या पायावर कुणी काठी घातली की त्या माणसाला आडवा करायचा, हे आप्पांचं काम. "कोच म्हनायचे, तू चेंडूकडं बघूच नगो. चेंडू बघायला बाकीचे हायेत." चौदा वर्षांत त्यांनी एकच गोल केला, तोही आपल्याच संघावर. हे सांगताना आप्पा हसतात, पण मला ते हसू खरं वाटत नाही. हातात काठी घेऊन चौदा वर्षं उभं राहायचं आणि चेंडू दुसऱ्यांनी खेळायचा, यात हसण्यासारखं काय आहे?

खुलताबादच्या संघातही असाच एक गडी होता, अझीमभाई. या दोघांचं हाडवैर सगळ्या गावाला ठाऊक. छावणीच्या मैदानावर निम्मे लोक सामना बघायला यायचे आणि निम्मे या दोघांची मारामारी. अजूनही छावणीतले म्हातारे आप्पांना थांबवून विचारतात, "काय पैलवान, तो खुलताबादवाला कुठंय?" आप्पा नुसते घसा खाकरतात. मीही ते वैर खरंच धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी, अझीमभाई फार थकल्याचं कळलं तेव्हा आप्पांनी मला खरं काय ते सांगितलं. सामन्याच्या दिवशी सकाळी हे दोघे वैरी छावणीतल्या एका हॉटेलात समोरासमोर बसून चहा घ्यायचे आणि आज पडायची पाळी कुणाची, ते ठरवायचे. "लोकांला मारामारी पायजे, सायबांला दरारा पायजे, आन् आमाला धड घरी जायचं व्हतं," आप्पा म्हणाले. काठी खांद्यावर मारायची, डोक्यावर नाही. कुठं दुखत असेल तर आधीच सांगून ठेवायचं. मग ती जागा समोरचा जपायचा. इतका चोख कारभार मी आमच्या शाळेतही पाहिला नाही.

तो शब्द एकदाच मोडला, आणि मोडला आप्पांनी.

त्या दिवशी पाळी अझीमभाईंची होती. पण त्यांना बघायला मुलीचे वडील मैदानावर येणार होते. "भगवान, आज तू पड," त्यांनी हात जोडले. आप्पा हो म्हणाले. दुपारी साहेबांनी आप्पांना बाजूला घेऊन बजावलं, आज आडवा झालास तर नोकरीत कायम होणं विसर. आप्पा पडले नाहीत. अझीमभाई पडले, जबडा मोडून. मुलीचे वडील सामना संपायच्या आत उठून गेले. ते लग्न मोडलं, आणि दुसरं अझीमभाईंनी केलंच नाही. ते पुन्हा मैदानावरही आले नाहीत. आप्पांची नोकरी महिन्याभरात पक्की झाली.

"माफी मागायची ऱ्हायली, सर. खुलताबाद काय लांब हाय? पन चाळीस वर्सं त्या वाटंला गेलो नाय."

मी गाडी काढली. आप्पांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. दौलताबाद मागं पडल्यावर घाटात ते एकदम म्हणाले, "'माझं चुकलं' म्हनू, का 'माफ कर' म्हनू?"

"दोन्ही म्हणा."

त्यावर ते खुलताबाद येईपर्यंत ओठ हलवत बसले.

अझीमभाई भाचीच्या घरी राहतात. ती दारातच म्हणाली, "मामू किसी कू पहचानते नईं अब." पण अंगणातल्या बाजेवर बसलेल्या त्या हाडकुळ्या म्हाताऱ्यानं आप्पांकडं एकदा पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "भगवान!"

"अझीम, माझं..." आप्पांनी सुरुवात केली.

"ये भगवान!" अझीमभाई भाचीला सांगू लागले. "लडकी का बाप सामने बैठा था. मेरे वास्ते गिऱ्या ये. जबान का पक्का आदमी!"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. इतका घाबरलेला माणूस मी परीक्षेच्या वर्गातही पाहिलेला नाही. आता हे खरं सांगणार, असं मला वाटलं, आणि सांगू नये असंही वाटलं.

"कैसा गिऱ्या था रे?" अझीमभाई लहान मुलासारखे मागं लागले. "दिखा ना."

आप्पांचे दोन्ही गुडघे कामातून गेले आहेत. देवळातही ते खुर्ची मागतात. त्यांनी चपला काढल्या, बाजेजवळ जाऊन उभे राहिले आणि वाकून खांदा पुढं केला. "मार."

अझीमभाईंनी हात उचलून त्यांच्या खांद्यावर टेकवला. आणि आप्पा पडले. अंग सोडून, हात न टेकता, धाडकन फरशीवर. भाची ओरडली. अझीमभाई टाळ्या वाजवत होते, "गिऱ्या! गिऱ्या!"

मी धावत जाऊन आप्पांच्या काखेत हात घातला. त्यांनी तो बाजूला केला. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानांत जात होतं.

"थांबा सर, इतक्यात नका उठवू," ते हळूच म्हणाले. "त्याला नीट बघू द्या."