खऱ्या लग्नाचे साक्षीदार

श्रीनाथ देवस्थळी यांचा व्हिसा संपून अकरा महिने झाले होते आणि ते जर्मनीतच होते. पीएचडीचे मार्गदर्शक निवृत्त झाले, करार संपला. मुदतवाढीसाठी अपॉइंटमेंट मिळाली ती व्हिसा संपल्यानंतरची. त्या दिवशी गेल्यावर, व्हिसा नसलेल्यांना अपॉइंटमेंट देता येत नाही, असे त्यांना अत्यंत सौजन्याने सांगण्यात आले. तेव्हापासून त्यांनी सरकारी पत्रे उघडणेच बंद केले.

मग त्यांनी कात्रिन या जर्मन मैत्रिणीशी लग्न केले. दोघे तीन वर्षे एकत्र राहत होते. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने कळवले: विवाह निवासपरवान्यासाठी केलेला नाही हे सिद्ध करावे. त्यासाठी आपल्याच समाजातील, किमान वीस वर्षे विवाहित असलेल्या जोडप्याची साक्ष आणावी. अन्यथा तीस दिवसांत देश सोडावा.

श्रीनाथच्या ओळखीतले असे जोडपे म्हणजे मराठी मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ आणि वासंतीकाकू. श्रीनाथने कागदांसाठी लग्न केले, हे मंडळात सर्वांना राजाभाऊंनीच सांगितले होते.

"काका, तुम्ही दोघं आलात तर फार उपकार होतील."

"येतो. लग्न म्हणजे काय असतं, हे त्यांनाही कळू दे. आल्झो, तर मग, कोट कुठला घालू?"

कार्यालयातील अधिकारी बाई फ्राऊ ब्रेनर यांनी आधी नव्या जोडप्याला वेगवेगळे बसवून विचारले, लग्न का केले? श्रीनाथ म्हणाले, "ती भांडी घासताना गाते. फार वाईट गाते." कात्रिन म्हणाली, "त्याची पत्रं कोणीतरी उघडायला हवीत." बारा मिनिटांत काम आटोपले.

"आता साक्षीदार," फ्राऊ ब्रेनर म्हणाल्या. "नियमानुसार, साक्षीदारांचा स्वतःचा विवाह खरा असल्याची आधी खात्री करावी लागते."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" राजाभाऊ खुशीत म्हणाले.

"लग्नाआधी पत्नीला किती काळ ओळखत होतात?"

"पाऊण तास."

"काय बोललात?"

"पासपोर्ट आहे का, विचारलं."

"पत्नीची निवड कोणी केली?"

"माझ्या आत्याने."

"कशावरून?"

"पत्रिका, उंची, वर्ण." राजाभाऊंनी कोट सारखा केला. "आणि मला जर्मनीत नोकरी होती, हे त्यांच्याकडच्यांना आवडलं."

फ्राऊ ब्रेनर यांनी लिहिले: त्रयस्थाने जुळवलेला विवाह. निवासाचा लाभ आधीपासून ज्ञात.

शेजारच्या खोलीत वासंतीकाकूंपुढे प्रश्न होता: पतीची नोकरी नाशिकला असती, तर आपण हे लग्न केले असते का?

तेवीस वर्षांत त्यांना हे कोणी विचारले नव्हते. त्यांनी प्रश्न पुन्हा एकदा विचारायला लावला. मग नकारार्थी मान हलवत म्हणाल्या, "नाइन." इतके स्वच्छ जर्मन त्या आजवर बोलल्या नव्हत्या.

पार्किंगमध्ये, काकूंचे उत्तर कळल्यावर, राजाभाऊंनी विचारले, "खरंच नसतं केलंस?"

"अहो, खाली सही करायची होती. खोटं कसं सांगू? आणि मी सावळी असते, तर तुम्ही काय सांगितलं असतंत?"

राजाभाऊ हातातच असलेली गाडीची किल्ली खिशात शोधत राहिले.

श्रीनाथना तीन वर्षांचा परवाना मिळाला. राजाभाऊ आणि काकूंना पत्र आले: आपल्या प्रकरणाची फेरतपासणी सुरू असून, चौदा दिवसांत परस्परस्नेहाचे पुरावे सादर करावेत. त्यांनी सगळे अल्बम काढले. सहलींच्या प्रत्येक फोटोत दोघांपैकी एकच जण होता. दुसरा फोटो काढत होता.

मंडळाची तातडीची सभा झाली. असले प्रश्न हा आपल्या संस्कृतीचा अपमान आहे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. राजाभाऊ-काकूंच्या लग्नाची साक्ष द्यायला एकेचाळीस जोडपी तयार झाली. तेव्हा काकूंनी कार्यालयातल्या त्याच प्रश्नांचे फॉर्म शांतपणे वाटले. "नियम आहे. आधी साक्षीदारांनी भरायचा. नवरा एका खोलीत, बायको दुसऱ्या."

सभागृहात एकच खोली असल्याचे सर्वांच्या एकदम लक्षात आले आणि सभा तहकूब झाली.

आपण हे घरी वाचत असाल. दुसरी खोली असेलच.