सान लुपेर्सियोचे कुरण विमानतळ जाहले, त्या मोहिमेची हकीकत

ग्रामदैवत संत लुपेर्सियो यांचे चरणीं मस्तक ठेवोन, जे डोळां देखिले आणि जे विश्वासू माणसांचे मुखें ऐकिले, तितकेच येथें लिहिले आहे. पदरचे कांहीं घातले नाही. घातले असल्यास तें शोभेपुरते.

बोलिव्हिया मुलखीं, मोहोसच्या सपाट प्रांतीं आमचा सान लुपेर्सियो गाव. गावाबाहेर लांब कुरण. तेथें गाई चरत आणि कधीमधी लहान विमान उतरे. वैमानिक आधी गावावरून घिरटी घाली, मग रयत धावोन गाई हांकी, मग विमान टेके, ऐसा वडिलोपार्जित शिरस्ता. वृद्ध त्यास कुरण म्हणत, वैमानिक धावपट्टी म्हणे, शाळामास्तर विमानपत्तन म्हणत आणि कोणाचे कांहीं अडत नसे.

ऐशियांत गावचे मुखत्यार, राजमान्य डॉन निकानोर तेमो, त्रिनिदाद शहरीं जाऊन आले आणि तेथील विमानतळ पाहोन त्यांचे चित्त फिरले. मग फर्मान जारी जाहले कीं, आजपासोन कुरण हा शब्द बंद, हा विमानतळ असे, आणि विमानतळावर गुरांस मज्जाव. मग कुंपण पडले, फलक उभा राहिला आणि खुद्द मुखत्यार हातीं काठी घेऊन गाईंचे पारिपत्य करूं लागले. ऐसे दोन मास लोटले.

तों वायरलेसवर खबर आली कीं, पाद्री अन्सेल्मो परवां विमानें येताती. पाद्रीसाहेबांचें येणें वर्षांतून एकदां, पावसापूर्वी. मग चिखल, मग पुढील वर्ष. आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी दोमितिला मोये हिचा विवाह फेर्मिन युको यांशी गेल्या वर्षीं पाद्रीसाहेबांचे तापामुळें तहकूब जाहला होता. सबब ती स्वतः विमानतळ पाहों गेली, आणि पाहते तों गवत कमरेइतके! चरणारें जनावर नाही, मग गवत कोणाच्या धाकें राहील?

दोमितिला तैसीच मुखत्यारांचे दारीं आली.

"निकानोरकाका, माझं लग्न तुमच्या गवतात बुडालं!"

"गवत नाही गं, हिरवळ आहे ती. त्रिनिदादला पण असते."

"तिथं कमरेपर्यंत असते? त्यात विमान उतरेल की हरवेल?"

ओसरीवर मेल्चोर आजोबा कुटलेल्या केळ्याचा गोळा, मसाको, चघळत होते. ते बोलिले, "कुरण होतं तोवर विमान उतरायचं. विमानतळ झाला आणि बंद पडलं. वा रे मुखत्यार!"

मग मसलत बसली आणि ठरले कीं, गावचीं एकूण एक गुरें विमानतळावर सोडावीं. मुखत्यारांनीं अब्रू राखण्यास ऐसें जाहीर केले कीं, हीं गुरें नव्हेत, हे विमानतळाचे नोकर असेत. मग कुंपण उघडले आणि सर्व कळप दाराशीं आणिला, तों नवल वर्तले. एकही गाय आंत पाऊल घालीना! काठीचा मार स्मरोन त्या बिचाऱ्या फर्मान पाळीत उभ्या राहिल्या. सबंध गावांत तें फर्मान मानणाऱ्या तेवढ्याच होत्या.

"आता तुम्हीच बोलवा त्यांना," दोमितिला म्हणाली. "तुमचाच शब्द ऐकतात त्या."

मग मुखत्यारांनीं काठी टाकिली, टोपी काढिली, टोपींत मीठ घेतले आणि पुढें होऊन "ये गं माझे बाई, ये गं माझे आई" ऐसें आर्जव करीत सर्वांदेखत उलटे चालूं लागले. मग थोर तांबडी गाय पुढें जाहली, तिणें टोपी चाटिली, आणि मग अवघें सैन्य गवतावर तुटोन पडले. मागोमाग रयत कोयते घेऊन लढली. दुसरे दिवशीं सांजेस गनीम नामोहरम जाहला.

तिसरे दिवशीं विमानानें घिरटी घातली. मग गाई हांकिल्या, मग विमान टेकले. परंतु पूर्वेस ढग काळा जाहला होता. वैमानिकानें यंत्र बंद न करितां कळविले कीं, लग्न लावा आणि पाद्रीबाबांना परत बसवा. मग वधूवर विमानाच्या पंख्याच्या वाऱ्यांत उभे राहिले आणि वधूचें उडतें शिरोवस्त्र मुखत्यारांनीं धरिले.

पाद्रीसाहेबांस विवाहाचें स्थळ मोठ्यानें उच्चारणें प्राप्त होते. त्यांनीं विचारिले, "हे कुठलं ठिकाण म्हणू?"

"विमानतळ!" मुखत्यार ओरडले.

"कुरण!" मेल्चोर आजोबा ओरडले.

"विमानपत्तन!" शाळामास्तर ओरडले, आणि तिघेही हमरीतुमरीवर आले.

"फेर्मिनच्या शेजारी म्हणा!" दोमितिला सर्वांवर ओरडली. "मी तिथं उभी आहे! आणि माझं हो आहे, त्याचंही हो आहे, पुढचं बोला!"

पाद्रीसाहेबांनीं तैसेच उच्चारिले आणि हात उचलोन आशीर्वाद दिधला. मग विमान उडाले, मग पाऊस कोसळला, आणि नवरानवरी भिजत, हसत घरीं गेलीं. येणेंप्रमाणें फत्ते जाहली. जखमी कोणी नाही. मुखत्यारांची टोपी मात्र गाईनें खाल्ली, ती कामीं आली ऐसें रुजू करोन लेखणी ठेविली असे.