मुकादमचं केळवण

मुकादम दिल्लीला जाईल तो विमानानंच, असं गुणाबाईंनी कामतघर वस्तीतल्या आपल्या गल्लीत उभं राहून जाहीर केलं. शेजारी यंत्रमाग खडखडत होते, तरी गल्लीत शब्द न् शब्द ऐकू गेला.

मुकादम हा गुणाबाईंचा कुत्रा. वासराएवढा. दारात बसून कोण आलं, कोण गेलं यावर नजर ठेवायचा, म्हणून हे नाव. मुलगा अनंता बदली होऊन दिल्लीला गेला, आणि तिकडे नात चंद्रा जेवेना. मुकादम समोर नसेल तर घास उतरत नाही, असा निरोप आला. पोर वाळत चालली होती.

आगगाडी करून झाली होती. गार्डाच्या डब्यात कुत्र्यासाठी कप्पा असतो. त्यात पुढचा अर्धा मुकादम गेला, मागचा अर्धा कल्याणच्या फलाटावर शेपूट हलवत राहिला. गुणाबाईंनी गार्डाचा असा उद्धार केला की त्यानं शिट्टी वेळेआधीच फुंकली.

राहिलं विमान. शेजारचे यंत्रमागवाले गुलाम हुसेन आपल्या टेंपोतून त्यांना मुंबईला विमानाच्या कचेरीत घेऊन गेले. तिथला साहेब म्हणाला, "कुत्रा माणसांत बसत नाही, बाई. लाकडी पेटीत घालून मालाबरोबर जाईल. पेटीत त्याला उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे."

"माल?" गुणाबाई म्हणाल्या. "तुझ्या आईला सांग, पोरगं न्हाय, माल झाला तुला."

गुलाम हुसेननी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

रामनाथ सुतारानं मुकादमचं नाकापासून शेपटीपर्यंत माप घेतलं. माप घेता घेता मुकादमनं त्याची पेन्सिल खाल्ली. खाण्याची सुरुवात तिथून झाली.

कारण तो 'माल' गुणाबाईंच्या डोक्यातून जाईना. मालाला कोणी केळवण करतं? लग्न ठरलेल्या पोराला करतात, तसं मुकादमचं केळवण होईल, आणि घराघरांत होईल!

धाकटी जाऊ काशी पदर तोंडाला लावून हसली. "कुत्र्याला कसलं केळवण, जाऊबाय?"

"तुझ्या भावाचं केलंच होतं की आम्ही."

त्या संध्याकाळी काशीनंच पहिलं मटण शिजवलं. मग कोणाची टाप होती मागं राहायची? ज्या घरानं बोलावलं नाही त्या घरासमोरून जाताना गुणाबाई थुंकत. गल्लीतल्या रुकय्यानं बकऱ्याच्या पायांचा रस्सा केला, वर शीरखुर्मा. कोणी तांदळाच्या भाकरी बोंबलांबरोबर वाढल्या. मुकादमनं कुठल्याही घराचा अपमान केला नाही. काही घरी तर तो दोनदा जाऊन आला.

विमानाच्या दिवशी त्याच्या कपाळाला कुंकू लागलं आणि टेंपो निघाला. विमानतळावर पेटी उघडली. मुकादमनं डोकं घातलं, खांदे घातले आणि थांबला. गुणाबाईंनी मागून खांदा लावला, रामनाथनं पाय लावला. मुकादम आत गेला खरा, पण उशीच्या अभ्र्यात गादी कोंबावी तसा.

तिथल्या साहेबानं खुर्चीतून उठून, वाकून बघितलं. "बाई, हा वळत नाही."

"वळायचं कशाला? दिल्ली समोरच हाय ना?"

"नियम आहे."

"तू वळून दाखव बघू त्या तुझ्या खुर्चीत!"

साहेबानं वळून पाठ दाखवली आणि तो निघून गेला. मुकादमला बाहेर काढायचं, तर तो निघेना. शेवटी रामनाथला स्वतःच केलेली पेटी करवतीनं कापावी लागली. वर घरघर झाली. विमान गेलं.

"माप बरोबर होतं, मावशी," रामनाथ पुटपुटला. "मापाच्या दिवशी."

टेंपो परत आला तेव्हा गल्ली दारात उभी होती. आधी मुकादम उतरला, मग गुणाबाई.

"काय झालं वो?" काशीनं विचारलं.

"विमान बघितलं त्यानं. पसंत न्हाय पडलं."

"मंग आमचं मटण?"

गुणाबाई थेट गुलाम हुसेनच्या कचेरीत गेल्या आणि दिल्लीला ट्रंक कॉल लावायला लावला. गल्ली खिडकीला चिकटली. फोन लागला.

"अनंता, ऐक. चंद्राला समजाव. मुकादम आज न्हाय येत. पोर उपाशी राहील, मला ठाऊक हाय, पण..."

"चंद्रा?" तिकडून अनंता ओरडला. "चंद्रा चांगली जेवतेय, आई. शेजारणीनं मांजराचं पिल्लू दिलं. आता त्याच्याशिवाय हलत नाही. तुला कळवायचं राहूनच गेलं."

गुणाबाईंनी फोन ठेवला. चेहरा असा झाला होता की दिल्लीचं मांजर समोर असतं तर पळत पार खारबाव गावाला पोचलं असतं.

"काय म्हणते चंद्रा?" खिडकीतून रुकय्यानं विचारलं.

"काय म्हणणार? रडतेय बिचारी," गुणाबाई म्हणाल्या. "हुंदका आवरेना पोरीचा. मला तर ऐकवेना."

आणि पदरानं कोरडे डोळे पुसत त्या घाईघाईनं घरात गेल्या.